लांगटांग ट्रेक: पावसानंतर जाणार असाल तर स्याफ्रुबेसी ते लामा हॉटेल हा पट्टा नीट वाचा

नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातून कालच खाली उतरलोय, मांड्या अजून भरलेल्या आहेत तरी आत्ताच लिहितेय, कारण आठ दिवसांनी भीती ओसरेल आणि मग मीपण नुसतं "भारी झाला ट्रेक" एवढंच सांगेन.

निघायच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी हेच सांगितलं की भूकंप 2015 चा, आता जंगल परत वाढलंय, वाट पक्की आहे. जंगल वाढलंय हे खरं. वाट पक्की आहे हे साफ चूक.

स्याफ्रुबेसीहून लामा हॉटेल या वस्तीकडे जाताना, बांबू नावाच्या वस्तीच्या आधी पैरो नावाची जागा लागते, नेपाळीत पैरो म्हणजेच दरड. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो, आदल्या रात्री धो धो पाऊस झालेला, सकाळी ऊन बघून मी पुढे निघाले तर गाईड दाईंनी (दाई म्हणजे नेपाळीत दादा) हात धरून थांबवलं. वरून बारीक खडी सळसळत होती. चाळीस मिनिटं थांबलो आणि तेवढ्यात पाण्याच्या पिंपाएवढा धोंडा झाडं मोडत खाली गेला.

2015 ला 25 एप्रिलला 7.8 आणि मग 12 मे ला 7.3 क्षमतेचा, या धक्क्यांनी नेपाळात सुमारे 25,000 दरडी कोसळल्या, पण जे कोसळलं नाही तेही आतून खिळखिळं झालं. वरच्या धारेवर भेगा पडल्या, त्यात पाणी मुरतं, त्यामुळे आधी जेवढ्या पावसाने काही व्हायचं नाही तेवढ्यातच डोंगर सुटतो. तैवानला 1999 च्या भूकंपानंतर, चीनच्या वेनचुआनला 2008 नंतर हेच दिसलं. काही वर्षांत प्रमाण कमी होतं, मान्य, पण ओढ्यांत साठलेला राडारोडा तिथेच असतो आणि मोठ्या पावसात चिखल-दगडांचा लोंढा होऊन येतो. आणि हिरवळीवर विश्वास ठेवू नका. नव्या दरडीवर उत्तिस नावाचं झाड भराभर उगवतं, पण त्याची मुळं वरची मीटर-दोन मीटर माती धरतात, खालची भेग नाही.

जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ऊन असलं तरी निघू नका, जाणं भागच असेल तर गाईडचा शब्द शेवटचा. उघड्या पट्ट्यावरून एकेकाने जायचं, एकाने वर नजर ठेवायची, इयरफोन काढायचे, मध्ये फोटोला थांबायचं नाही. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा एकदम आटलं तर वर कुठेतरी अडलंय असं समजून लगेच बाजूच्या उंचावर चढा. वाकडी झालेली झाडं, वाटेवर ताजी चीर दिसली की तिथे बसायचं नाही, कितीही दमला असाल तरी.

ट्रेकच्या वरच्या टोकाचं गाव क्यानजिन गोम्पा सुंदर आहे, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

परतताना परत पाऊस लागला तेव्हा लामा हॉटेललाच अख्खा दिवस बसून राहिलो, ग्रुपमधले दोघं चिडले, एकाची फ्लाइट बदलावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी पैरोला पोचलो तर जाताना दाईंनी आम्हाला जिथे थांबवून ठेवलं होतं तिथेच कमरेएवढा ढिगारा पडला होता.