तीन मिलिग्रॅमपासून एका दाण्यापर्यंत

सहा-सात वर्षं ज्याला हात लावू नकोस म्हणून दटावलं, तेच आता रोज चमच्याने खायचं. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर तोंडावाटे इम्युनोथेरपी (अगदी कणभर डोसापासून हळूहळू वाढवत शरीराला शेंगदाण्याची सवय लावणारा उपचार) सुरू झाली की ही गोष्ट मुलाच्या पचनी पडायलाच वेळ लागतो.

अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या पालफोर्झिया या शेंगदाण्याच्या औषधी भुकटीचा क्रम बघा. पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनापासून सुरुवात करून ६ मिलिग्रॅमपर्यंत. मग रोज ३ मिलिग्रॅम, आणि साधारण दर दोन आठवड्यांनी ६, १२, २०, ४०, ८० असं चढत ३०० पर्यंत. वाढीव डोस पहिल्यांदा दवाखान्यातच घ्यायचा. ३०० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम एक दाणा. घरच्या कुटाने हे जमवू नका: कूट एकसारखं नसतं, आणि स्वयंपाकघरातला काटा मिलिग्रॅम दाखवत नाही.

भुकटी गार दह्यात किंवा कुस्करलेल्या केळ्यात, दोन-तीन चमच्यांत संपेल एवढ्याच खाण्यात कालवा. वाटीभर दह्यात घातली तर निम्मी वाटीतच राहते. ८० ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास वास लपत नाही आणि मुलं चमचा तोंडाशी धरून बसून राहतात. चॉकलेट सॉस बरा पडतो, रागावण्याने काही होत नाही.

वेळ ठरवणं सगळ्यात किचकट. डोस भरल्या पोटी हवा, आणि नंतर किमान तीन तास पळापळ, पोहणं, कढत पाण्याची अंघोळ नको. शरीर तापलं की काल पचलेला डोसही आज त्रास देऊ शकतो. ताप, दम्याची उबळ, जागरण यांचंही तसंच. अशा दिवशी डोस द्यायचा की नाही हे डॉक्टरांना विचारा, आणि मध्ये डोस चुकले तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. झोपताना डोस देणंही चूक, कारण झोपेत लक्षणं कळत नाहीत. सातला जेवण, लगेच डोस, साडेनऊला अंथरूण, हे बहुतेक घरांत जमतं. (एकादशीच्या दिवशी या मुलाला उपास नाही. आजींना आधीच सांगून ठेवा.)

आता भीतीचं. तोंडाला खाज सुटली, दोन-चार पित्ताच्या गांधी उठल्या की मूल आधी आईचा चेहरा बघतं. स्टॅनफर्डमध्ये ७ ते १७ वयाच्या ५० मुलांवर झालेला, २०१९ मध्ये छापून आलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. सगळ्यांचे उपचार सारखेच. मात्र एका गटाला सांगितलं होतं की सौम्य लक्षणं म्हणजे शरीर सवय करून घेत असल्याची खूण असू शकते. त्या मुलांची चिंता कमी राहिली आणि डोस चुकवण्याचं प्रमाणही कमी होतं. शेवटच्या, मोठ्या डोसांना त्यांना लक्षणंही कमी जाणवली.

पण हे सांगताना सौम्य कशाला म्हणायचं ते मुलाला पाठ हवं, नाहीतर 'डोस बंद होईल' म्हणून ते खरा त्रासही लपवतं. खाज, थोडं पोट दुखणं: सांगायचं आणि शांत बसायचं. खोकला, आवाज बसणं, धाप, पुन्हा पुन्हा उलटी, चक्कर: मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं (तीव्र अ‍ॅलर्जीवरच्या औषधाचं) इंजेक्शन, आडवं झोपवायचं (धाप असेल तर बसवायचं) आणि थेट रुग्णालय. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात. हे इंजेक्शन मांडीवर दाबलं की आपोआप टोचणाऱ्या पेनमध्ये येतं; त्याचं सरावाचं, बिनसुईचं पेन मुलाच्याच हातात द्या. महिन्यातून एकदा स्वतःच्या मांडीवर दाबून बघितलं की त्या पेनची धास्ती बरीच उतरते. भारतात औषधाचं खरं पेन सहज मिळत नाही, म्हणून अ‍ॅम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज वापरायची असेल तर वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि भरायला तिथेच शिका.

३०० वर पोचल्यावर घरात हमखास प्रश्न येतो, "मग आता खिचडी चालेल ना?" नाही. साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर कूट असतं. हा डोस चुकून पोटात गेलेल्या कणापासून वाचवण्यासाठी आहे आणि तो पुढेही रोज घ्यावा लागतो.

वाढदिवसाला मुलाने विचारायचं ते स्वतःच, पण नेमकं. "यात शेंगदाणे आहेत का?" म्हटलं की लोक ताटात दाणे शोधतात आणि नाही म्हणतात. "यात दाण्याचं कूट घातलंय का? आणि तेल घाण्याचं आहे का?" असं विचारलं की काकू आत जाऊन डबा बघून येतात.