आमची वाटचाल: उत्तरेचं ऊन

घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल याची संगणकावर चित्रं काढणं हा आमचा धंदा. ज्यांनी स्कॅनलाइनवर, म्हणजे अशी चित्रं उजळायच्या जुन्या पद्धतीवर, काम केलं नाही, त्यांना एक खोली उजळायला काय लागायचं ते सांगून कळणार नाही. थ्रीडी स्टुडिओ मॅक्स या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा उजेड खिडकीतून आत यायचा, फरशीवर पडायचा आणि तिथेच मरायचा. फरशीवरून उसळून छताला लागणं नाही, कोपऱ्यात झिरपणं नाही. मग आम्ही फरशीखाली ओम्नी लाइट, म्हणजे चहूकडे उजेड टाकणारे खोटे दिवे, लपवायचो, सोफ्यामागे लपवायचो, एक थोडा पिवळट, एक निळसर. एका हॉलला चाळीस-चाळीस. 1999 साली सदाशिव पेठेत मामांच्या वाड्यातल्या माडीवर, पेंटियम थ्रीच्या दोन मशिनवर आम्ही दोघांनी हे काम सुरू केलं. दोघांनी म्हणजे मी आणि माझा भागीदार. त्याचं नाव इथे येणार नाही. आलेलं त्याला आवडलं असतं, म्हणून तर नाहीच.

त्याआधी मी हाताने व्ह्यू, म्हणजे हीच चित्रं, काढायचो. ट्रेसिंग पेपर, रॉटरिंगची पेनं, पोस्टर कलर. शाईची रेघ चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची आणि नखाने कागद घोटून परत गुळगुळीत करायचा. हाताने काढलेल्या व्ह्यूला अनडू नसतो, त्यामुळे सावली कुठे पडणार हे रंगाला हात लावायच्या आधी ठरवावं लागतं. ही सवय मॅक्सवर आल्यावरही सुटली नाही. पुढे आमचं जे काही बरंवाईट झालं ते हिच्यामुळेच.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सर. पेशाने आर्किटेक्ट, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. पहिल्याच प्रिंटवर त्यांनी खिशातून होकायंत्र काढून ठेवलं आणि विचारलं, "उत्तर कुठे आहे?" मी प्लॅनवर दाखवली. "मग या खुर्चीची सावली तिकडे कशी?" मी म्हटलं, सर, तिकडून चांगली दिसते. त्यांनी प्रिंट गुंडाळून परत दिली. पैसे मात्र पूर्ण दिले, आणि पुढचं कामही. त्याच बैठकीत चित्रात डकवलेल्या बाईच्या कटआउटकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि या हाफ चड्डीतल्या, कुत्रा घेतलेल्या बाई कोण? कोथरूडच्या तर वाटत नाहीत."

खरंच, तेव्हा चित्रात घालायला जे मिळायचं ते सगळं परदेशी असायचं. मेपलची झाडं, लाल विटा, सोनेरी केसांची माणसं. म्हणून आम्ही स्वतःची लायब्ररी बांधायला घेतली. गुलमोहर, कडुनिंब, सोनचाफा. कोटा, घडीव काळा दगड, मंगलोरी कौलं. शहाबादीसाठी मी 2003 च्या पावसाळ्यात वाईजवळ आजोळी गेलो. टेक्स्चरचे, म्हणजे चित्रातल्या भिंती-फरशांवर चढवायचे, फोटो ढगाळ दुपारीच काढावेत, उन्हात काढले की फोटोतली सावली चित्रात उतरते आणि मग तुमचा सूर्य एकीकडे नि फरशीचा भलतीकडे. आजीच्या मागच्या पडवीत स्टुलावर उभं राहून मी तीस-चाळीस फोटो काढले. एका फरशीवर उखळ ठेवून ठेवून काळपट गोल डाग पडला होता. तो तुकडा मी लायब्ररीत ठेवला, पण वापरताना दर वेळी कापून टाकायचो. टाइल केल्यावर, म्हणजे तोच तुकडा शेजारी शेजारी लावत गेल्यावर, डाग पुन्हा पुन्हा उमटतो ना.

त्याच सुमाराला व्ही-रे हे उजेडाचं गणित करणारं सॉफ्टवेअर हातात आलं. बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या लोकांनी केलेलं. एक सूर्य, एक आकाश, बस. उजेड आपला आपण उसळत छतापर्यंत जायचा. पहिला रेंडर, म्हणजे यंत्राने तयार केलेलं चित्र, बकेट-बकेट, चौकोना-चौकोनाने उलगडताना आम्ही दोघं जेवायचं विसरलो होतो. पहिली सीडी कुठून आली ते विचारू नका; 2006 मध्ये रीतसर परवाना घेतला. त्याचा डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची किल्ली, आला त्या वर्षी खंडेनवमीला माउस आणि मॉनिटरशेजारी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. परवाने आता ऑनलाइन असतात. डोंगल अजून पूजेत असतो.

व्ही-रेनेही सगळं सोपं केलं असं नाही. इरेडियन्स मॅप, म्हणजे उसळलेल्या उजेडाचा हिशेब, कमी ठेवला तर भिंतीवर ओल आल्यासारखे डाग, वॉकथ्रूला, म्हणजे घरातून फिरवणाऱ्या फिल्मला, लावला तर छत लुकलुकायचं. नव्या मुलांना एक सांगतो. भिंतीचा पांढरा कधी 255, म्हणजे पुरता पांढरा, ठेवू नका. चांगला पांढरा डिस्टेंपरसुद्धा पडलेल्या उजेडातला पाचवा हिस्सा तरी गिळतोच. चित्रात तो काहीच गिळत नसेल तर उजेड खोलीभर उसळत राहतो आणि खोली दुधात बुडाल्यासारखी दिसते. आणि वॉकथ्रू थेट एव्हीआयमध्ये, म्हणजे एकाच व्हिडिओ फाइलमध्ये, मारू नका, सुट्या फ्रेम्स काढा. गुरुवारी आमच्या पेठेत दुरुस्तीसाठी वीज जायची. एका बुधवारी रात्री लावलेली फाइल गुरुवारी सकाळी नऊला युपीएसने मान टाकली तेव्हा शेवटच्या टप्प्यात होती. सगळी गेली. फ्रेम्स असत्या तर जिथे थांबलं तिथून पुढे लावलं असतं.

आता 2007 चं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाणेरच्या बाजूला एका बिल्डरची मोठी स्कीम होती, चार टॉवर. त्यातल्या दोन टॉवरचे मोठे टेरेस उत्तरेला. बिल्डरला ब्रोशरसाठी दिवाळीची संध्याकाळ हवी होती आणि टेरेसवर तिरपं सोनेरी ऊन. मी नाही म्हटलं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. उत्तरेच्या भिंतीला इथे ऊन लागतच नाही असं नाही. 14 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये तर तो उगवतो आणि मावळतो उत्तरेकडे पंचवीस अंश सरकून. पाश्चात्त्य ट्युटोरियल बघून शिकलेल्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्याकडे मध्यान्हीचा सूर्य कायम दक्षिणेला. पण दिवाळीत? दिवाळीत तो दक्षिणेला कललेला असतो, मावळतो नैऋत्येकडे झुकून. उत्तरेच्या टेरेसवर त्या दिवसांत उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही. मी बिल्डरला म्हटलं, टेरेसवर सावली दाखवू, पणत्या लावू, आकाश उजळ ठेवू, सुरेख होईल. तो म्हणाला, "सावलीत फ्लॅट कोण घेतो हो?"

माझा भागीदार त्या बैठकीत गप्प होता. घरी जाताना स्कूटरवरही गप्प होता. पंधरा दिवसांनी त्याने वेगळं व्हायचं ठरवलं, आणि ते काम त्याच्या नव्या ऑफिसात गेलं.

वेगळं होणं मी समजू शकतो. पण काही महिन्यांनी ब्रोशर हातात पडलं. दिवाळीची संध्याकाळ, उत्तरेचं टेरेस, सोनेरी ऊन. आणि त्या उन्हात, टेरेसच्या फरशीवर, आजीच्या उखळाचा गोल डाग. एकदा नाही, सहा वेळा, ओळीने. लायब्ररीची हार्ड डिस्क कॉपी करून नेली होती आणि डाग कापायचेही कष्ट घेतले नव्हते. त्याच चित्राचं होर्डिंग लागलं. मी जवळजवळ दोन वर्षं रोज त्याखालून ऑफिसला गेलो. बायको म्हणायची, दुसऱ्या रस्त्याने जा. जवळचा तोच होता.

वकिलाकडे गेलो नाही. डागावर काय केस करणार?

2008 च्या सुरुवातीला त्याला दाखवून द्यायचं म्हणून मी कर्ज काढून आठ क्वाड-कोर मशिन घेतली, एसी बसवला. त्यासाठी नेटवर्क रेंडरची, म्हणजे सगळ्या मशिननी मिळून काम करायची, घडी बसवायला दोन महिने घालवले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन बँक बुडाली आणि इथे बिल्डरांचे फोन उचलले जाईनासे झाले. एका बिल्डरचं तीन प्रोजेक्टचं काम देऊन झालं होतं. सहा लाख चाळीस हजार येणं होतं. त्याच्या ऑफिसात मी इतक्या वेळा बसलो की शिपाई न विचारता बिनसाखरेचा चहा आणायचा. सात मुलं होती, जानेवारीत तीन उरली. पाच मशिन अर्ध्याहून कमी किमतीला विकली. एसी कोणी घेतला नाही.

सरांना मी काही सांगितलं नव्हतं. तेच एका संध्याकाळी जिना चढून माडीवर आले, रिकाम्या टेबलांकडे बघितलं आणि विचारलं, "सँक्शनची ड्रॉइंग करशील का?" महापालिकेला सादर करायचे ऑटोकॅडचे नकाशे. एफएसआयचे, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याचे, तक्ते, पार्किंगच्या रेघा, पाण्याच्या टाकीचं गणित. व्ह्यू काढणाऱ्या माणसाला हे म्हणजे गवयाला दुकानाची पाटी रंगवायला सांगणं. चौदा महिने केलं. दर शीटमागे ठरलेला दर, आणि पाच तारखेला चेक. एकदाही सहा तारीख झाली नाही. सर दान करत नव्हते. बाथरूमचा डक्ट दोन इंच चुकला तरी शीट परत यायची.

2010 पासून पुढची सहा-सात वर्षं काम होतं, पगार होत होते. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही.

हां, एक आहे. सरांनी तालुक्याच्या एका शाळेचं काम घेतलं आणि वर्गातला उजेड आकड्यांत मागितला. ग्रेग वॉर्ड यांनी बर्कलेच्या प्रयोगशाळेत लिहिलेलं रेडियन्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. चित्र देखणं येत नाही, पण बाकावर किती लक्स, म्हणजे किती उजेड, पडतील ते सांगतं. आम्ही खिडकीवरचा छज्जा दोन भागांत तोडून वरचा भाग आत सरकवला, तेव्हा मागच्या बाकाला पुरेसा उजेड मिळाला. शाळा बांधून झाल्यावर सर लक्समीटर घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आकडा आमच्यापेक्षा थोडा कमी आला. "भिंत मळलीय," म्हणाले. आमच्याकडून सरांचं कौतुक झालं असेल, सरांकडून आमचं इतकंच.

2017 मध्ये महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आलं. रेरा कायद्याच्या बाराव्या कलमाने जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले, तर जबाबदारी बिल्डरवर. लगेच आम्हाला फोन सुरू झाले, "तुम्ही ते दिशेचं वगैरे बघता ना?" बघतो. आमच्या प्रत्येक व्ह्यूच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण, तारीख आणि वेळ असते. कॅमेऱ्याची लेन्सही लिहितो, कारण पंधरा एमएम लावली की दहा बाय बाराची बेडरूम हॉल दिसते. सेल्सची मुलं तो बाण छापताना अजूनही कापतात.

आता आमची पोरं एन्स्केप या झटपट चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालता-चालता खोली दाखवतात; ज्याला आम्ही रात्र घालवायचो ते गिऱ्हाइकासमोर सेकंदात होतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. परवा एकाने वाक्य टाइप करून यंत्राकडून अख्खा बंगला काढून आणला. सुंदर होता. मी विचारलं, उत्तर कुठे आहे? त्याला वाटलं मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मागतोय.

जुना भागीदार 2019 मध्ये एका लग्नात पंगतीत समोरच बसला होता. "अजून होकायंत्र घेऊन फिरतोस का?" म्हणाला. मी जिलबी वाढून घेतली.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, साइटवर जात नाहीत. प्रिंट घरी नेऊन दाखवावी लागते, भिंग लावून सावल्या बघतात. मागच्या महिन्यात एक परत आली.

आणि ते सहा लाख चाळीस हजार टॅलीत अजून येणं म्हणून दिसतात. दर मार्चला सीए विचारतो, राइट ऑफ करू का? मी म्हणतो, राहू दे.