हात सैल सोडा

"सर, हात सैल सोडा. मी दाबते."

व्हिसा केंद्रातली मुलगी असं म्हणाली आणि मला हसूच फुटलं. अहो, हे वाक्य माझं आहे! पोलीस खात्यात ३५ वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्राइम रायटर, म्हणजे ठाण्यात गुन्ह्यांची कागदपत्रं लिहिणारा, म्हणून. किती आरोपींना हे म्हटलं असेल त्याची गणती नाही. काचेवर शाईचा ठिपका टाकायचा, रूळ फिरवून पातळ करायचा, मग आरोपीचं मनगट धरून एकेक बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचं. नवखा माणूस बोट ताठ धरतो, स्वतःच जोर लावतो आणि ठसा फिसकटतो. मग मी ओरडायचो, "हात सैल सोड रे!" ती ठशांची चिठ्ठी, सर्च स्लिप, पुढे पुण्याच्या अंगुली मुद्रा केंद्राकडे जायची.

इथं शाई नव्हती, नुसती उजेडाची काच. एका हाताची चार बोटं, दुसऱ्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे. माझी उजवी तर्जनी तीनदा नापास झाली. मुलीनं ओला टिश्यू दिला. आमची मंडळी पहिल्या झटक्यात पास होऊन बाजूला उभी, माझ्याकडे बघत. घरी येईपर्यंत मला ऐकवलं.

लेक आणि जावई केलला राहतात, ऱ्हाइन नदीच्या जर्मन काठावर. त्यांच्याकडे दोन महिने जायचं म्हणून हा खटाटोप. फॉर्म लेकीनंच ऑनलाइन भरून पाठवला होता, "आबा, शेवटी फक्त सही करा" म्हणाली. पण न वाचता सही करायची सवय मला नाही. पंचनाम्यावर पंच न वाचता सही करतात तेव्हा पुढं कोर्टात काय होतं ते बघितलंय. तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं: तुमचे ठसे, फोटो आणि ही सगळी माहिती व्हिसा माहिती प्रणालीत जास्तीत जास्त ५ वर्षं राहील, आणि काही अटींवर ती शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या) नेमलेल्या यंत्रणांना आणि युरोपोलला (युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेला) दहशतवाद व इतर गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी पाहता येईल.

म्हणजे पोलिसांना. मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

या व्हिसासाठी भारतातल्या अर्जदारांचे ठसे २ नोव्हेंबर २०१५ पासून घेतात. तेव्हापासून युरोप टूरला गेलेल्या किती जणांनी ही ओळ वाचली असेल कोण जाणे. आमच्या वेळी आरोपींच्या ठशांसाठी १९२० चा कायदा होता. आरोपी सुटला, आणि आधीची मोठी शिक्षा नसली, तर त्याची मापं (ठसेही त्यातच) नष्ट करायची किंवा त्यालाच परत द्यायची, असं त्यात लिहिलेलं. प्रत्यक्षात किती नष्ट झाली ते विचारू नका. आता २०२२ चा नवा कायदा आलाय, त्यात नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. पण ते झालं गुन्ह्यात पकडलेल्यांचं. इथं मी नातवाला भेटायला निघालेलो!

पोलिसांना ही माहिती कधी आणि कशी बघता येईल हे ठरवणारा युरोपीय संघाचा मूळ २००८ चा निर्णय लेकीकडून मागवून घेतला आणि क्राइम रायटरच्या सवयीनं पेन्सिल घेऊन बसलो. खरं सांगतो, वाचताना आधी राग होता, मग कुतूहल वाढत गेलं. तिथला तपास अधिकारी थेट संगणक उघडून माझं नाव टाकू शकत नाही. त्यानं कारण देऊन मागणी करायची, ती एका मध्यवर्ती ठिकाणी जायची, तिथला माणूस तपासणार की प्रकरण ठरावीक आहे का, गरज आहे का, यातून तपासाला खरंच मदत होईल असं मानायला आधार आहे का. मग शोध. शोध नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, ठसे यांवरून घेता येतो, आणि बोलावणाऱ्याच्या नावावरूनही. जुळलं तर फोटो आणि बाकीचा अर्ज दिसतो. आणि प्रत्येक वेळी कुणी पाहिलं त्याची नोंद राहते.

"बोलावणाऱ्याच्या नावावरून? म्हणजे मी पण सापडते?" लेक फोनवर म्हणाली. सापडतेस बाई.

या नोंदीपाशी मी अडकलो, त्याला कारण आहे. २००४-०५ च्या सुमाराची गोष्ट. एका साहेबांची चिठ्ठी घेऊन एक तरुण आला. चिठ्ठीत एका स्कूटीचा नंबर. मालकाचं नाव-पत्ता काढून द्या. कशाला पाहिजे हे मी विचारलं नाही. आरटीओतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, त्याच चिठ्ठीच्या पाठीमागं पत्ता लिहून दिला. पाच मिनिटांचं काम. चौथ्या दिवशी एक मुलगी वडिलांना घेऊन ठाण्यात आली. कुणीतरी रोज दारासमोर येऊन उभा राहतो. खिडकीतून बाहेर बघितलं तर आवारात तीच स्कूटी. मी तक्रार लिहून घेत होतो आणि वडील विचारत होते, "साहेब, त्याला आमचं घर कळलं कसं?" मी मान खाली घालून लिहीत राहिलो. त्या फोनची नोंद स्टेशन डायरीत नव्हती, कुठंच नव्हती. चिठ्ठी तोच घेऊन गेलेला.

तेव्हा मधे कुणी तिसरा माणूस असता, "कारण लिही" म्हणणारा, तर मी लिहिलं काय असतं?

अर्थात मी खात्यातला माणूस, सगळं गोड मानणार नाही. एक पळवाट तिथंही ठेवलीय: अपवादात्मक तातडी असेल तर आधी बघा, तपासणी मागाहून. आमच्याकडे प्रत्येक कागदावर "तातडीचे" असा शिक्का असायचा, रजेच्या अर्जावरसुद्धा. दुसरं, "गंभीर गुन्हे" म्हणजे काय? युरोपातल्या अटक वॉरंटच्या कायद्यात ३२ प्रकारांची यादी आहे, तीच इथं धरलीय. खून, माणसांची तस्करी, अमली पदार्थ हे ठीक. पण त्यात फसवणूकही आहे. आमच्या वेळच्या ४२० कलमात, फसवणुकीच्या, काय काय बसवता यायचं हे मला शिकवू नका.

या निर्णयावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. ब्रिटनला व्हिसाच्या सामायिक व्यवस्थेत यायचं नव्हतं, पण पोलिसांसाठी ही माहिती मात्र हवी होती. युरोपीय न्यायालयानं २६ ऑक्टोबर २०१० ला नाही म्हटलं. हप्ता न भरता भिशी उचलायची, कसं चालेल? पोलिसांना प्रत्यक्ष दार उघडलं १ सप्टेंबर २०१३ ला. ती तारीख ठरवताना युरोपीय संसदेला विचारलंच नाही म्हणून २०१५ मध्ये कोर्टानं तो आदेश रद्द केला, पण परिणाम तसेच चालू ठेवले. रद्द पण चालू! वाचून एकदम घरच्यासारखं वाटलं.

व्हिसा मिळाला, केलला पोहोचलो. तिथून ट्राम पकडली की ऱ्हाइनच्या पुलावरून सरळ फ्रान्समध्ये, स्ट्रासबुर्गला. त्या दिवशी कुणी पासपोर्ट मागितला नाही. या प्रणालीचा मुख्य संगणक याच शहरात आहे. जावयांना म्हटलं, माझे ठसे इथंच ठेवलेत, बघायला जाऊ. ते म्हणाले, "आबा, कुंपण दिसेल फक्त." मग मोठं चर्च बघितलं, मंडळींनी सुंठेची वडी समजून काहीतरी घेतलं, ते निघालं मसाल्याचं बिस्किट.

परवा जुन्या ठाण्यातल्या एका मित्राचा फोन आला. तो अजून नोकरीत आहे.

"तिकडं आहेस तर एक काम कर. आपला एक फरारी जर्मनीला गेलाय म्हणतात. तिथं ओळख काढून व्हिसा बघता येतो का बघ."

मी त्याला सांगितलं की ही माहिती बाहेरच्या देशाला अशी देत नाहीत, अगदी अपवादात्मक तातडी असली आणि ज्या देशानं ती भरली त्यानं हो म्हटलं तरच. तू रीतसर वर लिही, दिल्लीला सीबीआयकडे जाईल, ते इंटरपोलमार्फत विचारतील. कारण नीट लिही.

"कारण लिहायचं?" तो थोडा वेळ गप्प राहिला. "मग राहू दे."