मे महिन्यात मावसभाऊ येतोय, टॅब्लेट कुठलं मागवायचं?

२०११चा हा मार्च महिना म्हणजे टॅब्लेटवाल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. २ तारखेला ॲपलने आयपॅड २ दाखवला, २२ तारखेला एकाच दिवशी सॅमसंगने नवीन गॅलेक्सी टॅब दाखवले आणि ब्लॅकबेरीवाल्यांनी प्लेबुकची तारीख नि किंमत सांगितली, मोटोरोलाचं झूम तर फेब्रुवारीतच अमेरिकेत दुकानात आलंय, आणि एचपीचं टचपॅड उन्हाळ्यात येणार म्हणतायत. म्हणजे अमेरिकेतल्या उन्हाळ्यात हं, आपला तर सुरूही झालाय, रंगपंचमीचा रंग नखांतून जायच्या आत इंदूरला पंखे फुल स्पीडवर गेलेत.

हे सगळं मी एवढं का वाचतोय, तर मावसभाऊ न्यू जर्सीहून मेमध्ये पुतण्याच्या मुंजीला येतोय आणि त्याचा मेल आलाय की दादा, मावशीसाठी टॅब्लेट आणतो, कुठलं ते तू ठरव. मावशी म्हणजे माझी आई. तिला गेम खेळायचे नाहीत, मेल करायचे नाहीत, तिला सकाळी चहाबरोबर मुंबई-पुण्याचे मराठी पेपर वाचायचेत. छापलेला पेपर रामबागेत आमच्याकडे येईस्तोवर शिळा होतो, म्हणून ती माझ्या कॉम्प्युटरवर ई-पेपर वाचते, मान वर करून, चष्मा नाकावर खाली घेऊन, आणि मग दिवसभर मान दुखते म्हणते.

आता इंटरनेटवर जी तुलना चाललीय ती सगळी ड्युअल कोअर, एक जीबी रॅम, कॅमेरा किती मेगापिक्सेल यावर. मी पण आधी तसाच तक्ता केला होता एक्सेलमध्ये. पण एका रविवारी आईला घेऊन सिल्व्हर मॉलला गेलो, तिथे एका दुकानात डेमोला पहिला आयपॅड ठेवला होता (भारतात तो जानेवारीच्या शेवटी आला, २७,९०० पासून, म्हणजे अमेरिकेनंतर जवळपास दहा महिन्यांनी). दुकानदार लगेच गाडीच्या रेसचा गेम लावून "भिया, देखो तो सही" करायला लागला, त्याला म्हटलं थांब जरा, आणि ई-पेपरचं पान उघडलं. आईने दोन मिनिटं वाचलं आणि तिरपं केलं. परत वाचलं, परत तिरपं केलं. म्हटलं काय होतंय, तर म्हणाली ट्यूबलाइट दिसतेय ना अग्रलेखावर. काच इतकी चकचकीत की अर्धा अग्रलेख आणि अर्धी ट्यूबलाइट. आणि दोन्ही हातात धरून थोडा वेळ झाला की तिने तो काउंटरवर टेकवला. पहिला आयपॅड ६८० ग्रॅम आहे. त्या दिवशी घरी येऊन तक्त्यातले कोअर आणि रॅमचे रकाने उडवले आणि वजन, रुंदी, देवनागरी आणि सिम एवढेच ठेवले.

वजनाचं म्हणाल तर झूम तिथेच मागे पडतं, ७३० ग्रॅम, पाऊण किलोच धरा. आयपॅड २ आहे ६०१ ग्रॅम आणि सॅमसंगचा १०.१ इंची त्याहून सहा ग्रॅमने हलका. सॅमसंगची तर गंमतच झालीय, फेब्रुवारीत बार्सिलोनाला त्यांनी हाच १०.१ दाखवला तेव्हा तो १०.९ मिलिमीटर जाड होता, मग आयपॅड २ आला ८.८ मिलिमीटरचा, आणि तीन आठवड्यांत सॅमसंगने परत आणला तो ८.६ मिलिमीटर! दोन दशांश मिलिमीटरने जिंकायचं म्हणून अख्खा टॅब नव्याने केला. आमच्या आईला या दोन दशांशाचं काय करायचंय देव जाणे.

सात इंचीवाल्यांबद्दल माझं मत आधी बरं होतं. जुना गॅलेक्सी टॅब ३८० ग्रॅम, प्लेबुक ४२५ ग्रॅम, एका हातात मावतं, बसमध्ये वगैरे मस्त. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने गेल्या ऑक्टोबरमध्ये सात इंचीवाल्यांची टर उडवली होती की सोबत सँडपेपर पण द्या, बोटं घासून बारीक करायला, तेव्हा मला तो नेहमीचा टेचात बोलणारा वाटला होता. पण पट्टी घेऊन बसलो तर त्याचा हिशोब बरोबर निघतो, सात इंची स्क्रीन म्हणजे आयपॅडच्या निम्मी पण नाही, कारण इंच मोजतात तिरपे. उभं धरलं तर सात इंचीची रुंदी भरते ९ सेंटिमीटर. आयपॅडची जवळपास १५. आणि झूम किंवा सॅमसंग १०.१, जे नावाने आयपॅडपेक्षा मोठे, त्यांची रुंदी भरते साडेतेरा-पावणेचौदा, कारण ते सिनेमासाठी लांबट केलेत, लांबी-रुंदीचं प्रमाण १६:१०, आणि आयपॅड ४:३ चा. पेपर वाचताना आपण पान रुंदीला बसवतो आणि खाली सरकवत जातो, म्हणजे अक्षर केवढं दिसणार ते रुंदीवर. तेव्हा ९.७ इंची आयपॅडवर अक्षर १०.१ वाल्यापेक्षा मोठं दिसणार, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. टचपॅडची स्क्रीन पण आयपॅडसारखीच आहे, ९.७ आणि ४:३.

आता देवनागरी. बऱ्याच ई-पेपरची पानं चित्र म्हणून येतात त्यामुळे तिथे फॉन्टची भानगड नाही, पण आई आता मराठी ब्लॉग पण वाचायला लागलीय (माझा सोडून सगळ्यांचे). अँड्रॉइडमध्ये गूगलने मार्च २०११ पर्यंत तरी स्वतःहून देवनागरी दिलेलीच नाही, टॅब्लेटच्या कंपनीने टाकली तर टाकली, नाहीतर अक्षरांच्या जागी सगळे चौकोन चौकोन. त्यावर ऑपेरा मिनी या ब्राउझरचा जुगाड आहे, ॲड्रेसच्या जागी ऑपेरा:कॉन्फिग टाकायचं (इंग्रजीतच) आणि बिटमॅप फॉन्टवालं सेटिंग येस करायचं, मग सर्व्हर अक्षरांचं चित्र करून पाठवतो. मी माझ्या फोनवर रोज हेच करतो, पण आईला हे शिकवायचं म्हणजे रोज "अरे परत चौकोन आले" ऐकायची तयारी पाहिजे. डेमोच्या आयपॅडवर मी दोन-तीन मराठी ब्लॉग उघडून बघितले, जोडाक्षरं, रफार, ऱ्या सगळं जागच्या जागी. लिहायला मराठी कीबोर्ड नाही, पण तिला लिहायचं नाहीये.

आयपॅडवर फ्लॅश (वेबपानावरची हलती चित्रं, व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर) चालत नाही हे खरं, आणि काही ई-पेपर फ्लॅशवर आहेत, ते तिथे उघडणारच नाहीत. प्लेबुकवर फ्लॅश आहे, झूमवर नुकतंच आलंय. आई वाचते त्यातला एक पेपर फ्लॅशवाला आहे, तो तिला माझ्या कॉम्प्युटरवरच वाचावा लागणार, आणि त्यावरून मी एकदा तरी बोलणी खाणार.

सिमचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे लोक फसतात. झूमचं आत्ता जे मॉडेल तिकडे मिळतंय ते व्हेरायझन या तिकडच्या फोन कंपनीचं, सीडीएमएवालं (म्हणजे त्याच कंपनीच्या नेटवर्कला बांधलेलं), ८०० डॉलरला, आपल्याकडे त्यात सिम घालून काही चालायचं नाही. ६०० डॉलरवालं नुसतं वायफायचं मॉडेल आता येतंय, घ्यायचंच तर ते. आयपॅडच्या थ्रीजी मॉडेलला मायक्रो सिम लागतं, जेल रोडला कात्रीने सिम कापून देणारे आहेत, पण मुळात आपल्या मध्य प्रदेश सर्कलमध्ये (टेलिफोनच्या विभागात) सरकारी लिलावात थ्रीजी मिळालं ते आयडिया, रिलायन्स आणि टाटाला, शिवाय बीएसएनएल आहेच. माझं सिम यातल्या कुणाचंच नाही. मग थ्रीजीसाठी १३० डॉलर जास्त कशाला द्यायचे, घरी ब्रॉडबँड आहे, राउटर हॉलमध्ये आहे, आई हॉलमध्ये आहे.

मला स्वतःला विचाराल तर मन गेलंय टचपॅडवर. त्यात पाम कंपनीची वेबओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, उघडलेली प्रत्येक गोष्ट पत्त्यासारखी बाजूला सरकवायची, नको असेल तर वर भिरकावली की बंद, यापुढे बाकी सगळे बाळबोध वाटतात. एचपीने पाम १.२ अब्ज डॉलरला घेतलीय, एवढे पैसे ओतलेत म्हणजे नेटाने चालवतील असं वाटतं. आणि आपल्याकडच्या पोरांनी केलेलं नोशन इंकचं ॲडम टॅब्लेट, त्याची पिक्सेल क्यूआयवाली स्क्रीन उन्हात पण वाचता येते, बॅकलाइट बंद करून, गच्चीवर बसून पेपर वाचायला तेच पाहिजे खरं तर. पण परत अँड्रॉइड, परत चौकोन.

आणि शेवटी कॅलेंडर बघायचं. भाऊ येतोय मेमध्ये. सॅमसंग १०.१ अमेरिकेतच येणार ८ जूनला, टचपॅडला नुसतं "उन्हाळा" म्हटलंय, म्हणजे दोन्ही बाद. प्लेबुक १९ एप्रिलला येईल ५०० डॉलरला, पण ब्लॅकबेरी फोन जोडल्याशिवाय त्यावर साधा मेल नाही, आणि रुंदी ९ सेंटिमीटर. उरला आयपॅड २. सगळ्यात स्वस्त मॉडेल ५०० डॉलर, आजच्या भावाने साडेबावीस हजार.

भावाला कळवलंय की आयपॅड २, १६ जीबी, फक्त वायफाय, आणि सोबत काचेवर चिकटवायची मॅट फिल्म, ट्यूबलाइटसाठी. तिकडे रांगा लागल्यात म्हणतो, मिळेल का माहीत नाही. आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं त्याचे पैसे कोण देणार, आणि मग, हॉलमधली ट्यूबलाइट दुसऱ्या भिंतीवर लावली तर ती फिल्म वाचेल का.