पहिनेच्या रस्त्यावर, मृगाच्या पावसात

मृगाचं वाहन बेडूक निघालं की माझ्या मैत्रिणीची आजी निर्धास्त होते. बेडूक, म्हैस, हत्ती ही पाणी आणणारी वाहनं. गाढव किंवा कोल्हा निघाला की भाताचं बी कधी टाकायचं यावर घरात खल सुरू. मैत्रिणीचं माहेर नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबक–घोटी रस्त्याला, पहिनेजवळ. पहिल्या मोठ्या पावसात तिथे जाऊन राहायचं हे बरीच वर्षं मनात होतं. लोक पहिनेला धबधब्यांसाठी जातात. मला बेडूक बघायचे होते, आणि दिसले तर साप.

त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. कळसाला हात जोडले आणि काळी-पिवळीत बसले. ब्रह्मगिरी ढगात पूर्ण बुडालेला, पायथ्याची झाडं तेवढी दिसत होती.

नाशिक म्हणजे थंड हवा आणि द्राक्षं असं समजणाऱ्यांना सांगायला हवं की हा जिल्हा एक नाही, दोन मुलुख आहेत. इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे जेमतेम ५००. त्यामुळे पश्चिमेला कारवीच्या जाळीत हिरवागार चापडा साप अंग वेटोळून बसलेला असतो, तर पूर्वेच्या उघड्या माळावर दगडाखाली फुरसं. मधल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उंदीर भरपूर, म्हणून घोणसही भरपूर. शेतीपंपाला वीज रात्रीची येते तेव्हा शेतकरी अंधारात दंडावरून पाणी फिरवायला जातो, आणि नेमकी तीच घोणसेची बाहेर पडायची वेळ. बिबट्याची बातमी होते, घोणसेची होत नाही.

घरी पोचले तर आजीनं आधी झोपायची जागा दाखवली. पडवीत खाट, वर मच्छरदाणी आणि तिच्या चारही कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. "रात्री उठलीस तर आधी बॅटरी लाव, मग पाय खाली टाक," एवढं सांगून ती चुलीकडे गेली. या घरात जमिनीवर कुणी झोपत नाही. मैत्रिणीच्या चुलत्यांना झोपेत मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे त्यांच्या पोटात दुखायला लागलं, घरच्यांनी अपचन समजून ओवा दिला. उजाडेपर्यंत पापण्या उघडेनात, बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. वाटेत कुणाकडेही न थांबता त्यांना थेट नाशिकला सिव्हिलला नेलं. लस दिली, श्वासाला मशीन लावलं आणि माणूस वाचला. आज ते शेतात कामाला असतात. देशात २००० ते २०१९ या काळात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, घरात किंवा शेतात चावलेली. मच्छरदाणी खोचून झोपणं हा मण्यारीपासून वाचायचा सगळ्यात स्वस्त उपाय, हे आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पाऊस आला तो शनिवारी संध्याकाळी. आधी वारा, मग मातीचा वास, मग पत्र्यावर असा आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येईना. लाईट गेली. दीडेक तासानं जोर ओसरला आणि खाली खाचरांकडून आवाज सुरू झाला. सुरुवातीला एकच, घोगरा, थांबून थांबून. मग दुसरा. मग सगळा उतारच ओरडायला लागला. मैत्रिणीचा भाऊ, म्हणजे आमचा दादा, पडवीत बॅटरी घेऊन तयार होता. "ताई, चला. निघाले." आजीनं गमबूट घातल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही.

पहिल्याच खाचराच्या बांधावर मी जागीच थांबले. बैलबेडूक एरवी मळकट हिरवा, चिखलात असला तर दिसतही नाही. पण पहिल्या पावसात नर असा हळदपिवळा होतो की बॅटरीच्या उजेडात डोळ्यांना झोंबतो, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन गडद निळ्या पिशव्या फुगतात. त्या फुगतात, आवाज सुटतो, त्या बसतात, पाण्यावर वलय उठतं. उन्हाळाभर मातीत गाडून घेतलेले हे प्राणी. आता गुडघाभर पाण्यात एकमेकांना ढकलत, अंगावर चढत, पुन्हा जागा धरत ओरडत होते. माद्या मूळ रंगातच, पाठीवर फिकट रेघ, कडेच्या गवतात बसून होत्या. हा पिवळा रंग थोड्याच दिवसांचा. मीलन उरकलं की नर पुन्हा मळकट हिरवे होतात, आणि मग तुम्ही त्याच बांधावरून गेलात तरी ते काय होते ते कळणार नाही.

मोठ्यांच्या गलक्याखाली लहानांचा आवाज वेगळा काढायला वेळ लागतो. बांधावरच्या ओल्या गवतात जेमतेम इंचभराचे मायक्रोहायला जातीचे बेडूक बसलेले असतात आणि त्यांची कर्रकर्र त्यांच्या आकाराला अजिबात न शोभणारी. काठावर मुरमाड भेक. विहिरीच्या कठड्यावर झाडबेडकाची जोडी. मी खाली बसून नुसती ऐकत होते. दादा म्हणाला, यातली निम्मी खाचरं मधेच पावसानं ओढ दिली की आटतात, अंडी-पिल्लं सगळी जातात. जी टिकतात त्यांतली बैलबेडकाची पिल्लं डासांच्या अळ्या खातात, आणि कमी पडलं तर एकमेकांनाही. मोठा बेडूक भातातले किडे, खेकड्याची पिलं, उंदराची पिलं काही सोडत नाही. एके काळी याच बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. ती निर्यात सरकारनं १९८७ साली बंद केली.

यानंतरचं लिहिताना अजूनही हात कापतो.

खाचरं रस्त्याच्या खालच्या अंगाला आणि डोंगर वरच्या अंगाला. वर दगडधोंड्यांत, झाडांच्या मुळांशी उन्हाळा काढलेला प्रत्येक बेडूक पाण्याकडे येताना डांबर ओलांडतो. तो शनिवार होता. धबधब्यांवरून परतणाऱ्या गाड्यांची रांग घोटीकडे निघाली होती, काचा खाली, गाणी मोठ्यानं. चाकाखाली बेडूक येतो तेव्हा आवाज होतो, आणि तो आवाज गाडीतल्या माणसाला जात नाही. बाजूला उभ्या माणसाला जातो. बॅटरी फिरवली तर रस्ताभर पिवळं. काही तिथेच चिकटलेले, काहींचे मागचे पाय गेलेले आणि पुढचे पाण्याच्या दिशेनं ओढत चाललेले. बेडकांच्या मागावर आलेली एक नानेटी, म्हणजे बिनविषारी साप, तीही चिरडलेली. तिच्या पाठीवरच्या दोन पिवळ्या रेघा शेपटीपर्यंत जशाच्या तशा शाबूत होत्या.

दादानं घरून घमेलं आणलं. हात साबणाचे किंवा ओडोमॉसचे नकोत, ओले हवेत, हे त्यानं मला सांगितलं. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, आपल्या हातावरचं जे काही आहे तेही घेतो. आम्ही वरच्या कडेचे बेडूक उचलून खालच्या खाचरात सोडत राहिलो. धरलेला बैलबेडूक हातात असा जोर लावतो की दोन्ही तळवे लागतात. गाड्या हॉर्न देत होत्या. एकानं काच खाली करून विचारलं, "काय शोधताय, मासे?" आणि थांबला नाही. एक गाडी मात्र थांबली. त्यातली कॉलेजातली मुलगी खाली उतरली, काय चाललंय ते तिनं नीट ऐकून घेतलं आणि मोबाईलचा उजेड धरून आमच्या मागच्या वळणावर उभी राहिली, येणाऱ्या गाड्यांना हातानं हळू करत. तिच्या घरचे गाडीत बसून तिला हाका मारत होते. ती गेली नाही.

आणि मग तिनंच ओरडून सांगितलं, साप.

निळसर काळा, चकचकीत, अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या. बिनविषारी कवड्या साप मण्यारीसारखाच दिसतो आणि लोक दोघांत गोंधळतात. पण कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे उलट, मानेमागचा भाग जवळजवळ कोरा आणि पट्टे पुढे शेपटीकडे उठून दिसतात. आम्ही लांब उभे होतो, तरी शंका नव्हती. मण्यार होती आणि रस्त्याच्या मधोमध होती. ओल्या, गुळगुळीत डांबरावर तिला वेग घेता येत नव्हता.

मागून आलेल्या गाडीच्या चालकाला ती दिसली. तो गाडी पुढे घ्यायला लागला, अगदी हळू, चाक नेमकं तिच्यावर येईल अशा बेतानं. दादा जाऊन बॉनेटसमोर उभा राहिला. चालक उतरला. विषारी आहे, मारलेली बरी, तुमच्याच पोराबाळांना चावेल, असं बरंच बोलला. आवाज चढला होता, पण मला वाटतं तो घाबरलेलाच होता. दादा आवाज न चढवता म्हणाला, "माझ्या काकाला हीच चावली होती. तेव्हा ती अंथरुणात होती. आत्ता रस्त्यावर आहे. जाऊ द्या."

तिला ओलांडायला फार वेळ लागला नसेल, पण गाड्यांच्या उजेडात, हॉर्नच्या आवाजात तो खूप वाटला. ती वरच्या बाजूच्या दगडांत शिरली. चालक काही न बोलता गाडीत बसला. आम्ही परत घमेलं उचललं.

मी साप वाचवणाऱ्यांचे, गळ्यात नाग घालून फोटो काढणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. ज्याच्या घरात मण्यारीनं माणूस जवळजवळ नेला होता, तो माणूस भर पावसात तिच्यासाठी गाडीसमोर उभा राहिला, तिला हातही न लावता. याहून मोठं धाडस मी पाहिलेलं नाही.

सकाळी विहिरीवर झाडबेडकांचा फेस लटकत होता. मादी मागच्या पायांनी घुसळून तो पाण्याच्या बरोबर वर करते, म्हणजे पिल्लं सुटली की थेट पाण्यात पडतात. ओढ्याकडे जाताना कारवीत चापडाही दिसला, पानांत पान झालेला. दादानं बोट न दाखवता नुसतं "उजवीकडे, कमरेएवढं" म्हटलं, तरी मला तो सापडायला वेळ लागला. पुढचे दिवस भराभर गेले. सिन्नरच्या माळावर ऊन मिळालं, तिथे दगडावर चढून गळ्याखालचा रंगीत पंखा उघडमीट करणारे सरडे पाहिले. नांदूर मध्यमेश्वरला सगळ्यांच्या दुर्बिणी पक्ष्यांवर होत्या आणि पाण्यात एक दिवड, म्हणजे पाणसाप, डोकं वर काढून निवांत पोहत होता. हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेलं. पण पाटीवर नजर लावली तर पक्षीच पक्षी.

परतताना पहिनेला पुन्हा थांबले ते मोरीसाठी. दादाच्या खाचरापासून थोड्या अंतरावर रस्त्याखालून पाण्याची मोरी जाते. त्याच्या लहानपणी बेडूक तिच्यातून खाली यायचे, रस्त्यावर फारसे येतच नसत. आता ती थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या आणि कणसांच्या बुरकुंडांनी गच्च भरलेली होती. आम्ही फावडं आणि काठीनं ती मोकळी केली. पोती भरून कचरा निघाला आणि वरचं तुंबलेलं पाणी एकदम सुटलं. सिंहस्थासाठी त्र्यंबककडच्या रस्त्यांची कामं निघाली आहेत. रस्ता रुंद करताना मोऱ्या वाढवायला, त्यांची तोंडं उतरती ठेवायला जास्तीचा खर्च किती येणार आहे? पहिनेला जरूर जा. पण मृगातल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री त्या रस्त्यावर गाडी घालू नका, आणि अडकलातच तर गाणी बंद करून, पुढे एक माणूस बॅटरी घेऊन चालेल एवढ्या वेगानं या. साप जखमी दिसला तर स्वतः धरायला जाऊ नका, वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. मला हे लिहावं लागतंय याचाच राग येतो, कारण ती कणसं आणि ताटल्या आपल्याच आहेत.

दादा आता ग्रामसभेत पाटीचा विषय मांडणार आहे. मजकूर काय लिहायचा यावर आम्ही चुलीपाशी बसून बराच वेळ घातला. "सावकाश जा", "वन्यजीव रस्ता ओलांडतात", असं काय काय. आजी भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "अक्षरं नका लिहू. बेडूक काढा, मोठा, पिवळा. निळ्या पिशव्यांसकट." दादानं शाळेच्या चित्रकलेच्या सरांना विचारलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते रंगवून देतो म्हणाले आहेत.