शब्द मोकळे, चाल नाही

भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. तिथल्या लश्कर भागातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचं गाणं नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. पण तोच कार्यक्रम यूट्यूबवर चढवला की कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. "अहो, तांबे १९४१ सालीच गेले की!" हे खरं आहे, पण शब्दांपुरतंच.

गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र ते प्रसिद्ध झाल्यापासून, तशाच रीतीने. तांब्यांनी हयातीत छापलेले शब्द १ जानेवारी २००२ ला मोकळे झाले. लताबाईंच्या आवाजात घरोघरी पोचलेल्या चाली मात्र नंतरच्या संगीतकारांच्या. समजा तबकडी १९६० ची आहे आणि संगीतकार १९९० मध्ये गेले. तबकडी २०२० अखेर मोकळी झाली, चाल २०५० अखेरपर्यंत बांधलेली. बहुतेकांची फसगत इथेच होते, कारण तबकडीचं साल पाहून ते निश्चिंत होतात.

हौशी मंडळांना कलम ५२ मध्ये चांगली सवलत आहे. प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत, तर कविता, नाटक, गाणं परवानगीशिवाय सादर करता येतं. 'देणगी प्रवेशिका' काढलीत तर ती तिकीटच समजून चाला. आणि ही सवलत सभागृहातल्या सादरीकरणाची आहे. व्हिडिओ चढवणं म्हणजे नवी प्रत काढून ती लोकांपर्यंत पोचवणं, त्याला परवानगी वेगळी. विकत घेतलेल्या कराओके ट्रॅकनेही ती मिळत नाही. सगळ्यात सोपी वाट म्हणजे गावातल्याच एखाद्या गाणाऱ्याकडून तांब्यांच्या शब्दांना नवी चाल लावून घ्या, आणि वापराची संमती त्यांच्याकडून लेखी घ्या.

स्मरणिकेत कविता घेताना फक्त कविताच घ्या. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात. हयात कवीची अख्खी कविता 'साभार' लिहून छापणं म्हणजे परवानगी नव्हे. चार ओळी चालतात असाही नियम कायद्यात कुठे नाही. समीक्षेच्या ओघात, गरजेपुरत्या ओळी देता येतात.

परवानगीच्या पत्रात रचना कोणती, कुठे वापरणार, प्रती किती, मानधन किती हे लिहाच, पण मुदत आणि प्रदेश विसरू नका. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूबला या दोन्ही गोष्टी अपुऱ्या पडतात. पत्र कार्यक्रमाच्या दोन महिने आधी धाडा. उत्तर आलं नाही, तर ते गाणं वगळून तांब्यांची एखादी कविता नुसती वाचा. चालीशिवायही तिची लय कानाला लागते.