मोठ्या बाई आणि दसऱ्याआधीची यादी

गेल्या महिन्यात माझ्याकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार आला. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, कॅशबुक, पोषण आहाराचं रजिस्टर, सगळं सह्या करून ताब्यात घेतलं आणि पहिली आठवण झाली ती मोठ्या बाईंची. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत त्यांच्या हाताखाली मी 6 वर्षं चौथीला शिकवलं.

पहिली ते पाचवी, पट 112, शिक्षक चार. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला पट 150 च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक मिळतो. त्यामुळे बाई पहिली-दुसरी एकत्र शिकवायच्या आणि वर तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहिती, समितीच्या बैठका, केंद्रप्रमुखांचे फोन. एवढ्या व्यापात कुणी ऑफिसातच अडकून पडलं तर मला त्याचा राग येत नाही. तशाही एका शाळेत मी काम केलंय. कागद चोख, पण अमुक पोरगं आठ दिवस का आलं नाही, हे कुणालाच ठाऊक नसायचं. आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं.

मोठ्या बाई परिपाठाआधी फाटकाशी उभ्या असायच्या. आम्हाला रोज पहिला प्रश्न एकच, "आज कोण नाही?" माहिती भरली का, हा प्रश्न दुपारनंतर. मुख्याध्यापक सकाळी काय विचारतो, त्यावर सगळ्या शिक्षकांचं लक्ष दिवसभर कुठे राहील हे ठरतं. वर्गात शिरताना हजेरीपटाआधी माझी नजर रिकाम्या जागांवर जायला लागली, ती तेव्हापासून.

खरी कसोटी ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मजूर न्यायला मुकादम गावात फिरायला लागतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, खर्चही झालेली. नवरा-बायको मिळून एक कोयता; ट्रक भरून सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात आणि पोरंही बरोबर. मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा जोडाक्षरं पुसली गेलेली असतात.

बाई दसऱ्याच्या आतच यादी काढून घरोघर जायच्या. एकदा मी बरोबर होते. अंधार पडलेला, आई भाकरी थापत होती आणि माझ्या वर्गातली तिची मुलगी चुलीत काटक्या सारत आमचं बोलणं ऐकत होती. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी गावातच हंगामी वसतिगृह असतं, तिथे दोन्ही वेळचं जेवण मिळेल, रात्री फक्त आजीपाशी झोपायला, असं बाईंनी समजावलं. आई म्हणाली, "पोरगी ऱ्हाईल बाई, पण म्हातारीला दिसत न्हाई. तिला भाकर कोण टाकायचं?"

वसतिगृहाच्या पैशात आजी बसत नाही. बाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हातारीचा डबा माझ्याकडून येईल." हंगाम संपेपर्यंत ती मुलगी रोज संध्याकाळी बाईंच्या घरचा पितळी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी न्यायची. त्या वर्षी माझ्या वर्गातली 9 मुलं जाणार होती, 6 राहिली. जी गेली त्यांचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, बाईंनी स्वतः भरलं, मागे शाळेचा फोन नंबर लिहिला आणि डिसेंबरात एकेका बापाला फोन करून विचारलं, पोराला तिकडच्या शाळेत घातलंत का?

पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला कुणालाही "चला" म्हटलं नाही. आम्ही तिघांनी आपापसात वस्त्या वाटून घेतल्या होत्या.

काल शाळा सुटल्यावर मी यंदाची यादी काढली. 14 मुलं आहेत. पहिलं घर ओढ्यापलीकडचं, तिसरीतल्या एका मुलाचं. त्याची आई शेतातून 7 च्या आत येत नाही, म्हणून उद्या साडेसातला निघणार आहे. पाचवीच्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बॅटरी मी आणतो."